मेळाचा शनिवार

आमच्या घरात महिन्यातून एक शनिवार असा यायचा, की संध्याकाळचा चहा मिळायच्या आधी कुणाची तरी माफी मागून यावं लागे. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असे, म्हणजे भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट. पप्पांचा नियम असा, की ज्याच्याशी आपलं वाकडं आहे त्याच्याशी सरळ झाल्याशिवाय त्या भाकरीला हात लावायचा नाही. याला ते 'मेळ' म्हणत. नगरकडच्या त्यांच्या गावी माझे आजोबाही तसंच करत. एकदा म्हणे बैलाला उगीच मारलं म्हणून ते गोठ्यात जाऊन बैलापुढं हात जोडून आले होते. बैल काय म्हणाला ते कुणी सांगितलं नाही. पप्पा रेल्वेच्या नोकरीत बदल्या होत होत कलकत्त्याला गार्डन रीचला आले, ते पेटी, पितळी डबे, आईचं जातं आणि हा शनिवार एवढं सामान घेऊन.

क्वार्टर लाल विटांचं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं अंगण, अंगणात नळ आणि कोपऱ्यात कोळशाची खोली. अंगणाची भिंत माझ्या खांद्याइतकी, आणि तिच्या पलीकडं माशीमांचं घर. माशीमा म्हणजे बंगालीत मावशी. नदी जवळ, त्यामुळं बोटींचे भोंगे दिवसभर ऐकू येत. आई त्या भोंग्यांवर स्वयंपाकाची वेळ ठरवायची आणि बोट उशिरा आली की आमचं जेवणही उशिरा. बाजरी तिथं मिळायची नाही. गावाहून कुणी येणार असलं की आईचा पहिला प्रश्न माणसाच्या तब्येतीचा नसे, पिशवीचा असे. त्या पिठाची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि बोंबलाचं कालवण ज्या दिवशी असे त्या दिवशी आम्ही नगरला असायचो. बाकीचे दिवस भात आणि रोहू. सकाळी सहाला कुटुंबाची उपासना. चटईवर आम्ही चौघं बसायचो. समूदादा पेटी वाजवायचा, पप्पा गायचे, आई मागून सूर धरायची आणि मग डोळे मिटून प्रार्थना. पप्पांचा आवाज असा भरदार, की पलीकडच्या रस्त्यावरचा दूधवाला सायकल थांबवून ऐकायचा. प्रार्थनेत तिघांचे डोळे मिटलेले असायचे. माझे कधीच नसायचे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आज साठी ओलांडली तरी मी प्रार्थनेत खिडकीकडं बघते.

ही खोड पकडली ती माशीमांनी. त्या विधवा. नवरा गेल्यावर त्यांना रेल्वेच्या इस्पितळात आयाचं काम मिळालं होतं. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या अंगणावर होती आणि आमची उपासना त्यांना रोज दिसायची. "सबाय चोख बोजे, रूथ बोजे ना," त्या भिंतीवरून पप्पांना सांगायच्या. सगळे डोळे मिटतात, रूथ मिटत नाही. मी त्यांच्या झाडाचे पेरू चोरायचे, त्यांच्या लोणच्याच्या बरणीत बोटं घालायचे, म्हणून दर महिन्याला माझा मेळ बहुतेक त्यांच्याशीच असायचा. मी दारात जाऊन मान खाली घालून उभी राहायचे. त्या हसत नारळाचा लाडू हातावर ठेवायच्या. लाडवाच्या आशेनं मी एकदोनदा शुक्रवारी मुद्दाम पेरू चोरल्याचं आता कबूल करायला हरकत नाही. त्यांचा मुलगा बापी दादापेक्षा दोन वर्षांनी मोठा. त्यानं दादाला तळ्यात पोहायला शिकवलं. लपाछपीत तो कोळशाच्या खोलीत लपायचा आणि काळाकुट्ट होऊन बाहेर यायचा. शनिवारी मला बघितलं की भिंतीवर बसून विचारायचा, "की रे, आज कोणता गुन्हा?"

मग शहराचं डोकं फिरलं. का फिरलं ते शहाण्यांनी पुस्तकांत लिहिलं आहे. मी फक्त आमच्या गल्लीचं सांगते. आधी भिंती घोषणांनी रंगल्या. मग आवाज बदलले. बोटीचा भोंगा आणि गावठी बाँबचा धडाका यांतला फरक आई भांडी घासता घासता सांगू लागली. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला दिवसाढवळ्या दुकानातून ओढून मारलं. तो पोलिसांना खबर देतो म्हणे. त्याचं प्रेत दुपारपर्यंत गटाराच्या कडेला पडलं होतं आणि मी शाळेतून येताना त्याच्या पायातली एकच चप्पल बघितली. क्रांती करायला निघालेल्या पार्टीची मुलं मारायची, दुसऱ्या पार्टीची मुलं त्यांना मारायची, पोलीस दोघांना मारायचे. प्रत्येकाला तुम्ही आपल्या बाजूचे असावे असं वाटे. पप्पा ना कुणाच्या मिरवणुकीत गेले, ना कुणाच्या नावानं कुजबुजले. "जगाच्या चालीनं आपण चालायचं नाही," हे त्यांचं पालुपद. कचेरीतले लोक त्यांना भित्रा म्हणत, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटे. बापी आता घरी क्वचित दिसायचा. दिसला तर भिंतीवर बसायचा नाही.

त्या वर्षी दादाची बोर्डाची परीक्षा होती. पहिल्या दिवशी हॉलमध्ये सगळ्यांनी पुस्तकं उघडून उत्तरं उतरवली. पर्यवेक्षकाच्या टेबलावर कुणीतरी सुरा ठेवला होता, त्यामुळं ते खिडकीबाहेर बघत बसले. दादानं पुस्तक उघडलं नाही. मुलं हसली, "पाद्रीसाहेब" म्हणाली. तिसऱ्या दिवशी पार्टीच्या मुलांनी हॉलमध्ये येऊन हुकूम सोडला, पेपर फाडा आणि बाहेर पडा. सगळ्यांनी फाडले. दादा लिहीत राहिला. पुढं जे झालं ते त्यानं कधी सांगितलं नाही. ते सांगितलं अंकगणिताच्या मास्तरांनी, जे त्याला रिक्षात घालून घरी घेऊन आले. बापीच पुढं आला होता. हातात लोखंडी गज. "समू, ऊठ," तो म्हणाला. दादा म्हणाला, "एवढं गणित संपलं की उठतो." "हात मागं घे." दादानं घेतला नाही. मास्तर म्हणाले, तीन वेळा. बाकावर, पेपरावरच. मास्तरांच्या धोतरावर रक्त होतं आणि ते माझ्या आईची माफी मागत होते, जणू गज त्यांच्याच हातात होता.

दादाची चार बोटं पुन्हा कधी वळली नाहीत. पेटी बंद झाली. चौकशीला एक हवालदार येणार असं कळलं तेव्हा दादानं पप्पांना विचारलं, काय सांगू. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते, आणि पप्पांचं उत्तर मी स्वच्छ ऐकलं: "खोटं बोलायचं नाही. पण गप्प राहायला कुणाची बंदी नाही." दादा गप्प राहिला. मी हे मुद्दाम लिहून ठेवते आहे. पुढं मला 'मला माहीत नव्हतं' म्हणायची सोय राहू नये.

आणि त्या महिन्याचा शनिवार आला तेव्हा पप्पा दादाला म्हणाले, "तुला जाऊन यायचं आहे का?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात याचा मोडला आणि मेळही यानंच करायचा! मी ओरडले, "तो येऊ दे ना आपल्या दारात! आपणच का सारखं वाकायचं?" पप्पा म्हणाले, "वाकडं ज्याच्या लक्षात येईल त्यानं आधी जायचं." दादा बँडेज बांधलेला हात छातीशी धरून गेला. बापी घरात नव्हताच, तो महिनाभर कुठं दडला होता देव जाणे. माशीमांनी त्या हाताला आपलं कपाळ लावलं आणि रडल्या, असं दादानं सांगितलं. लाडू त्यानं माझ्यासाठी आणला. मी तो अंगणात फेकला. कावळ्यांनी खाल्ला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, सकाळी सहाच्या उपासनेला, पोलिसांनी आमची कॉलनी वेढली. आम्हाला ते कळलं नव्हतं. पेटी नसल्यामुळं पप्पा नुसतेच गात होते. गाणं संपलं, डोळे मिटले गेले, पप्पांनी प्रार्थना सुरू केली. मी उघड्या दारातून अंगणाकडं बघत होते. भिंतीवर एक हात दिसला, मग डोकं, आणि बापी आमच्या अंगणात उतरला. माशीमा रात्रपाळीहून अजून परतल्या नव्हत्या. त्यांनी झाकून ठेवलेला भात खायला तो चोरून घरी आला असणार. त्याच्या अंगात आकाशी शर्ट होता आणि एका मुठीत मुरमुरे. त्यानं मला पाहिलं. पाहून त्यानं काय केलं ते मी आत्ता लिहीत नाही. पन्नास वर्षं उशीर झालाच आहे, तुम्ही आणखी एखादं पान थांबा. तो कोळशाच्या खोलीत शिरला. पप्पा त्या वेळी शेजाऱ्यांसाठी प्रार्थना करत होते.

आमेन व्हायच्या आत पुढचं दार लाथेनं उघडलं. सहा-सात जण, बंदुका. एकानं आईच्या पितळी डब्यांची उतरंड संगिनीनं ढकलली, पीठ सगळीकडं पसरलं, ती गावाहून आलेली बाजरी. अधिकाऱ्यानं पप्पांना विचारलं, इथं कुणी आलं का? पप्पा म्हणाले, "मैंने किसी को नहीं देखा." ते खरं होतं. दादा म्हणाला, मीही नाही. तेही खरं. आईनं मान हलवली. मग तो माझ्याकडं वळला. "सच बोल, लडकी. तूने देखा?" माझ्यासमोर दादा बसला होता, गीतांचं पुस्तक डाव्या हातात धरून, उजवा हात मांडीवर मेलेल्या पाखरासारखा. मला गप्प राहता आलं असतं. मी मान ताठ केली आणि मोठ्यानं म्हणाले, "हम झूठ नहीं बोलते. कोयले की कोठरी में है."

किती अभिमान होता मला त्या वाक्याचा! पुढची दहा मिनिटं मी शंभरदा विसरायचा प्रयत्न केला आहे. त्यांनी त्याला केस धरून बाहेर ओढलं. तो काळाकुट्ट झाला होता, लपाछपीतल्यासारखा. बंदुकीच्या दस्त्यांनी त्याच्या गुडघ्यांवर मारलं, मग तोंडावर. दातांचा आवाज येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. पप्पा धावत मध्ये गेले, "बच्चा है, बच्चा है" करत, आणि त्यांच्या बरगडीत दस्ता बसला तसे ते नळाशी पडले. अधिकारी म्हणाला, पळ. बापीला उभंही राहता येत नव्हतं. "भाग!" तो भिंतीच्या दिशेनं, आपल्या घराच्या दिशेनं, दोन पावलं रांगला. तीन गोळ्या. भिंतीच्या विटा आधीच लाल होत्या, म्हणून लगेच काही दिसलं नाही. त्यांनी त्याचे पाय धरून त्याला नेलं. अंगणभर मुरमुरे सांडले होते. माशीमा कामावरून आल्या तेव्हा आई गुडघ्यांवर बसून नळाच्या पाण्यानं फरशी धूत होती, आणि त्यांनी काही न विचारता आईच्या हातातली केरसुणी काढून घेतली.

पुढच्या मेळाच्या शनिवारी पप्पा मला काहीच म्हणाले नाहीत. ते मला सहन होईना. मीच भांडण काढलं. "मी खरं बोलले. तुम्हीच शिकवलंत. त्याची कसली माफी?" पप्पांच्या बरगड्यांना पट्टा होता, बोलताना दम लागायचा. "खरं बोललीस," ते म्हणाले. "कशासाठी बोललीस, ते मात्र तुझं तुला ठाऊक." आणि स्वतः काठी घेऊन माशीमांकडं गेले. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये भाकरीचं ताट रांगेतून सरकत आलं, आणि माझे हात भाकर न घेताच ते पुढं सरकवून मोकळे झाले. कुणी सांगितलं नव्हतं. ताट जड वाटलं. एवढंच आठवतं.

पप्पांनी माशीमांना काय सांगितलं ते नंतर रस्त्यावर कळलं. पार्टीच्या उरलेल्या मुलांनी त्यांना बाजारातून येताना अडवलं. कोण बोललं, त्यांनी विचारलं. माझा बाप खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता आणि मुलीला पुढं करणाऱ्यांतलाही नव्हता. "माझ्या घरातून शब्द गेला. घराचा मालक मी आहे. माशीमांनाही हेच सांगितलंय," ते म्हणाले. सुरा कानापासून हनुवटीखालपर्यंत गेला. पोटात आणखी दोन घाव. पिशवीतले बटाटे रस्त्यावर गडगडत होते आणि भर बाजारातल्या एकाही माणसानं ते उचलले नाहीत, पप्पांना तर नाहीच. एका हातरिक्षावाल्यानं उचललं. पप्पा वाचले, त्यांचा गळा वाचला नाही. पुढं आयुष्यभर ते घोगरं, तुटक बोलत. गाणं संपलं. दादाच्या हाताबरोबर पेटी गेली होती, माझ्या शब्दाबरोबर आवाज गेला. सकाळी सहाला आम्ही चटईवर नुसतेच बसायचो आणि दूधवाला न थांबता पुढं निघून जायचा.

इस्पितळात त्यांच्या वॉर्डाला आया होत्या माशीमा. मी डबा घेऊन जायचे तेव्हा त्या पप्पांचं अंग पुसत असायच्या. गळ्यातली नळी सांभाळून, पाठीखाली हात घालून, अगदी हळू कूस बदलायच्या. माझ्याकडं बघतही नसत. एकदा मी डबा ठेवला आणि पळाले. ज्या बाईच्या मुलाला मी मारलं ती माझ्या बापाची घाण काढत होती, आणि मी घरी येऊन भात खात होते. चार महिन्यांची चार प्रभुभोजनं माझ्यासमोरून गेली. आई रात्री माझ्या केसांतून हात फिरवायची, पण जा म्हणाली नाही. आमच्यात जा म्हणत नाहीत. विचारतात फक्त, जाऊन यायचं आहे का, आणि मला तेही कुणी विचारत नव्हतं. पप्पांना तर बोलताच येत नव्हतं.

पप्पा घरी आल्यावरचा पहिलाच मेळाचा शनिवार. चहाच्या वेळी त्यांनी आपला कप उचलला, माझ्या कपाकडं बघितलं आणि आपला कप न पिताच खाली ठेवला. मी उठले. अंगण ओलांडलं. भिंतीवरून हाक मारायचं धाडस नव्हतं म्हणून पुढून, रस्त्यावरून गेले. माशीमांच्या दाराला कडी नव्हती. त्या जमिनीवर बसून तांदूळ निवडत होत्या. मी दारात उभी राहिले, मान खाली घालून, पेरूच्या दिवसांसारखी, आणि माझी मलाच लाज वाटून मान वर केली.

"माशीमा, पप्पा नाही बोलले. मी बोलले."

"आमि जानि," त्या म्हणाल्या. मला ठाऊक आहे. सुपातले खडे वेचत राहिल्या. "तुझ्या बाबांचे डोळे मिटलेले असतात. समूचे मिटलेले, आईचे मिटलेले. किती वर्षं बघते आहे मी या खिडकीतून." मग एक खडा बाजूला टाकून, "चार महिने शनिवारी मी दाराला कडी घातलेली नाही."

मी रडायला लागले. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "रडू नकोस. आधी सांग. माझ्या पोराला शेवटचं सुखरूप तूच पाहिलंस. भ्याला होता का तो? खोटं सांगू नकोस. तुमच्यात सांगत नाहीत ना?"

तर हे ते, जे मी मागं गाळलं होतं. मी पप्पांनाही सांगितलं नव्हतं, देवालाही नाही. मी म्हणाले, "नाही माशीमा, भ्याला नव्हता. त्यानं मला बघितलं. माझे डोळे उघडे बघून त्याला हसू आलं. ओठांवर बोट ठेवून हसला, लपाछपीत हसायचा तसा. मग आत गेला."

माशीमा उठल्या आणि त्यांनी सगळ्या अंगाचा जोर लावून माझ्या थोबाडीत मारली. मी चौकटीवर आपटले. कानात बोटीचा भोंगा वाजावा तसं झालं. त्यांचाच हात त्यांच्या तोंडाशी गेला, आणि त्या जमिनीवर बसल्या. "हसला?" त्यांनी विचारलं. "हो." "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. कोणत्या हाताचं बोट? उजव्या. शर्ट कोणता? आकाशी. वरचं बटण लावलं होतं का? नव्हतंच ते बटण. "हां," त्या म्हणाल्या, "मी लावून देणार होते." हातात काय होतं? मुरमुरे. खाल्ले होते का? माहीत नाही. पुन्हा सांग. दिवेलागणीपर्यंत मी तेच सांगत राहिले आणि त्या ऐकत राहिल्या, आणि मधून मधून दोघींनी मिळून तांदूळ निवडले. क्षमा केली असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही. उठताना त्यांनी माझा गाल हातात धरून दिव्याकडं वळवून बघितला, आयाच्या सवयीनं. "घरी जा," म्हणाल्या. "उद्या तुमचं ते जेवण आहे ना?"

दुसऱ्या दिवशी ताट रांगेतून सरकत आलं. दादानं डाव्या हातानं धरून ते माझ्यापुढं केलं. गाल सुजला होता, एक दात हलत होता आणि चावताना दुखत होतं. मी भाकर घेतली.